आमच्या पर्यावरणाच्या तासाला चंद्रपूर गैरहजर असतं

गुन्हा कबूल करूनच सुरुवात करते. २०२२ साली मी अकरावीच्या एका मुलीच्या पर्यावरण प्रकल्पाचे गुण कापले. विषय नेहमीचाच होता : 'माझ्या परिसरातील एक पर्यावरणीय समस्या'. वर्गातल्या बहुतेकांनी प्लास्टिक, ध्वनिप्रदूषण किंवा ओझोनचा थर घेतला होता. झेरॉक्सच्या दुकानात असे प्रकल्प तयार मिळतात. चित्रं कापून चिकटवायची आणि पहिल्या पानावरचं नाव बदलायचं, की झालं.

ही मुलगी चंद्रपूरच्या रहमतनगरात राहते, इरई नदीच्या काठी. त्या वर्षी जुलैत नदीचं पाणी तिच्या घरात शिरलं होतं. तिने तेच लिहिलं. पाणी कोणत्या रात्री आलं, कितव्या पायरीपर्यंत चढलं, पिठाचा डबा आणि धाकट्या भावाची पुस्तकं कुठे ठेवली, घर सोडून किती दिवस बाहेर राहावं लागलं. मग एक नकाशा काढला. त्यात धरण होतं, नदी होती, नदीच्या अंगाला खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर होते, नाला होता आणि स्वतःचं घर होतं. शेवटी एकच वाक्य लिहिलं होतं : नदीला जायला जागा उरली नाही म्हणून ती आमच्या घरी येते.

मी लाल शाईने शेरा मारला, "विषयाला धरून नाही. कारणे, परिणाम, उपाय असे मुद्दे करा." ओझोनच्या थराचं चित्र चिकटवणाऱ्या मुलाला तिच्यापेक्षा चार गुण जास्त दिले.

मित्रमैत्रिणींनो, हा लेख त्या चार गुणांबद्दल आहे. ते मी का कापले, हे समजायला मला फार दिवस लागले. मी दुष्ट नव्हते, आळशीही नव्हते. मला जसं शिकवलं गेलं आणि जसं शिकवायला सांगितलं गेलं, तसंच मी तपासलं. आपल्या दोन जिल्ह्यांत पर्यावरण शिक्षण कमी पडतं अशी तक्रार सगळेच करतात. माझी तक्रार त्याहून कडू आहे. आज जे शिकवलं जातं, ते मुलाला त्याच्या स्वतःच्या परिसराकडे बघायचं बंद करायला शिकवतं.

आदेश आहे, पुस्तक आहे, तास नाही

कागदावर बघाल तर सगळं आहे. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करायला सांगितलं. बारा वर्षांत पुरेसं काही झालं नाही म्हणून २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं. आज तिसरीपासून 'परिसर अभ्यास' आहे, अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' आहे, पदवीलाही हा विषय सक्तीचा आहे. २०११ मध्ये चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी वेगळं गोंडवाना विद्यापीठही आलं.

आता वर्गात या. हा विषय कोण शिकवतं? ज्याच्या वेळापत्रकात जागा रिकामी असेल तो. भूगोलवाला, जीवशास्त्रवाला, कधी मराठीचे सर, कधी खेळाचे. मी भूगोलाची, म्हणून माझ्याकडे आला. बारावीला बोर्डाची लेखी परीक्षा नाही, म्हणून पालक विचारत नाहीत. पालक विचारत नाहीत म्हणून संस्था विचारत नाही. डिसेंबर आला की गणिताचे सर हात जोडून येतात, "मॅडम, तुमचा तास द्या, माझा सिलॅबस राहिलाय." आपण देतो. फेब्रुवारीत प्रकल्पांचा गठ्ठा येतो, आपण एका दुपारी सह्या करतो. ही गंमत मी अनेक वर्षं केली आहे, त्यामुळे इतरांकडे बोट दाखवायचा मला हक्क नाही.

पुस्तकं वाईट नाहीत, हेही सांगते. पुस्तकच सांगतं की बाहेर जा, बघा, मोजा, लोकांशी बोला. पण बाहेर जायचं म्हणजे प्राचार्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, गाडीचं भाडं आणि काही झालं तर जबाबदारी कोणाची हा प्रश्न. आपल्याकडे हा शेवटचा प्रश्न नुसता बहाणा नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात एका कामगाराला वाघाने मारलं. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या दुर्गापुरात सोळा वर्षांच्या मुलाला बिबट्याने उचललं. पुण्यात बसून 'क्षेत्रभेट' हा शब्द लिहिणं सोपं आहे. दुर्गापूरच्या शिक्षकाने तो कसा अमलात आणायचा, हे कोणत्याही परिपत्रकात नसतं.

खिडकीतून दिसणारा अभ्यासक्रम

तरीही, क्षेत्रभेटीला गावाबाहेर जायची गरज चंद्रपूरच्या मुलांना आहे का? खिडकी उघडली की अभ्यासक्रम समोर उभा असतो.

२,९२० मेगावॅटचं वीज केंद्र. घुग्घुस, दुर्गापूर, पद्मापूर, राजुरा, माजरीच्या कोळसा खाणी. बल्लारपूरचा कागद कारखाना. छतावर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांना प्रदूषणाचे गुण दिले, तेव्हा चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले. ७० च्या वर गेलं की 'अतिप्रदूषित'. आपण देशात चौथे आलो. या एकाच परीक्षेत चंद्रपूर गुणवत्ता यादीत झळकलं, आणि त्या निकालाचा धडा माझ्या एकाही विद्यार्थ्याने वाचलेला नव्हता. मी विचारलं तेव्हा 'दिल्लीतलं प्रदूषण' सगळ्यांना पाठ होतं.

गडचिरोलीत जा. जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग जंगलाखाली. एटापल्लीत सुरजागडचा लोहखनिजाचा डोंगर खोदला जातोय आणि त्याचे ट्रक आलापल्लीच्या रस्त्याने धावतायत. २०२५ मध्ये तिथल्या उत्पादनवाढीला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच प्रकल्पाच्या पुढच्या टप्प्यासाठी ९३७ हेक्टर वनजमीन आणि १.२३ लाख झाडं देण्याचा निर्णयही झाला. सिरोंच्यात गोदावरीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्यामुळे जमीन पाण्याखाली जाते म्हणून शेतकरी ओरडतायत. २०२१ पासून ओडिशा-छत्तीसगडकडून आलेले रानटी हत्ती जिल्ह्यात फिरतायत. या हत्तींना तोंड कसं द्यायचं हे इथल्या कोणाच्याही आजोबांना ठाऊक नव्हतं, कारण आजोबांच्या काळात हत्ती नव्हते.

आणि या जिल्ह्यातली मुलं ५ जूनला काय करतात? घोषवाक्यं रंगवतात. झाडे लावा, झाडे जगवा. एक लाख तेवीस हजार झाडांच्या शेजारी बसून मूल एक रोप लावतं, फोटो निघतो, आणि त्याला वाटतं पर्यावरणाचं आपल्या वाट्याचं काम झालं.

इथेच माझा खरा आक्षेप आहे. आपलं पर्यावरण शिक्षण प्रत्येक संकट मुलाच्या अंगावर टाकतं. नळ बंद कर, पिशवी कापडाची वापर, फटाके वाजवू नको. या सवयी चांगल्याच आहेत. पण ज्या मुलाच्या घरी नळालाच दिवसाआड पाणी येतं, त्याला पाणी वाचवण्याचा निबंध लिहायला लावायचा आणि नदीचं पाणी कोण किती उचलतं हे विचारायचंच नाही, याला शिक्षण कसं म्हणायचं? गरिबाला सवयी शिकवायच्या आणि बलवानाला प्रश्न विचारायचा नाही, असा हा विषय झाला आहे.

एका आश्रमशाळेत शिकवणारी माझी मैत्रीण सांगते की तिच्या वर्गातला माडिया मुलगा जंगलात नेला तर पन्नास झाडं ओळखतो. कोणाची साल कशावर लावायची, कोणतं कंद कधी खायचं, मोहाची फुलं पहाटेच का वेचायची, सगळं सांगतो. 'वनस्पतींचे वर्गीकरण' या प्रश्नात तो नापास होतो, कारण त्याच्या झाडांची नावं त्याच्या भाषेत आहेत आणि उत्तर मराठीत हवं आहे. माझ्या मुलीचा नकाशा आणि या मुलाची पन्नास झाडं, दोन्हींना आपण शून्याच्या जवळ गुण दिले. ज्याला माहीत आहे त्याला अडाणी ठरवण्याचं काम आपण शिक्षक बिनबोभाट करतो.

वाघ बघायचा की वाघासोबत राहायचं

वाघाचा धडा घ्या. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. आमच्या पुस्तकात वाघ अन्नसाखळीच्या टोकावर बसलेला असतो आणि 'वाघ वाचवा' हे उत्तर असतं. उत्तर बरोबर आहे. मी वाघाच्या विरोधात नाही.

पण १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. त्याआधी सीटी-१ नावाचा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये पकडला गेला, तोवर गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर मिळून १३ माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. ज्या वर्गात अशा घरची मुलं बसलेली असतात, तिथे 'वाघ वाचवा'वर थांबणारा शिक्षक पोरांच्या नजरेला नजर देऊ शकत नाही.

मग काय विचारायचं? बाई मे महिन्याच्या उन्हात जंगलात का जाते? कारण धानाचे पैसे तोवर संपलेले असतात, आणि जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांना लागणारी रोकड तेंदूपत्ता देतो. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. एका बाईला किती वेळा वाकावं लागतं, याचं गणित सहावीचं मूल करू शकेल. ते पान कुठे जातं? विडीत. विडी कोण वळतं? देशातल्या कित्येक गावांत आपल्याच मोहल्ल्यांतल्या बायका, अंधाऱ्या खोल्यांत, तंबाखूची धूळ छातीत घेत. म्हणजे जंगलातली बाई आणि मोहल्ल्यातली बाई एकाच पानाने बांधलेल्या आहेत. एका पानात भूगोल आहे, गणित आहे, आरोग्य आहे, मजुरीचा कायदा आहे. आम्ही मात्र अन्नसाखळीचं चित्र काढून घेतो आणि त्या साखळीत माणूस काढतच नाही.

वनविभाग 'चला माझ्या ताडोबाला'सारखा उपक्रम चालवतो, त्यात बफरमधल्या गावांची मुलं जंगल बघायला जातात. चांगलं आहे. ज्या वाघाला पाहायला लांबून पर्यटक येतात, तो शेजारच्या मुलालाही जिप्सीतून बघायला मिळाला पाहिजे. पण संध्याकाळी ते मूल जिप्सीतून उतरतं आणि पायी घरी जातं. त्याच्या त्या पायवाटेचा धडा कोण घेणार?

डंपर चालवणाऱ्या वडिलांचा प्रश्न

आता माझ्या विरोधातली सर्वांत भक्कम बाजू मांडते, कारण ती माझ्या तोंडावर मांडली गेली.

गुण कापल्याची चूक लक्षात आल्यावर पुढच्या वर्षी मी मुलांना इरईचा नकाशा काढायला लावला. धरणाचे दरवाजे, वर्धा नदीचा फुगवटा, पात्रातला गाळ, काठावरचे ढिगारे, नदीच्या जागेत वाढलेली वस्ती, सगळी कारणं समोर ठेवली. एकट्या ढिगाऱ्यांवर खापर फोडलं नाही. आठ दिवसांनी एका मुलाचे वडील भेटायला आले. हिंदीत बोलत होते, आवाज खाली होता. म्हणाले, "मॅडम, त्या ढिगावर माती टाकणारा डंपर मी चालवतो. बारा तास. घर त्याच मातीवर चालतं. तुम्ही काय शिकवलं माहीत नाही, पोरगा रात्री जेवताना विचारतो, अब्बू, तुम्ही नदी का बुजवता?"

त्या दिवशी मला उत्तर सुचलं नाही. नंतर प्राचार्यांनीही बोलावलं आणि प्रेमाने सांगितलं, "पर्यावरण शिकवा, राजकारण नको." प्राचार्यांना उत्तर देणं सोपं होतं. नदी कुठून वाहील हे कोणीतरी ठरवतं, आणि ते ठरवण्यालाच राजकारण म्हणतात. ते नको म्हणणं म्हणजे जे ठरलंय ते मान्य करा असं म्हणणं. पण त्या वडिलांना असं तोंडावर फेकता येत नाही. चंद्रपूरमधल्या निम्म्या वर्गाचं पोट कोळशावर, विजेवर, ट्रकवर, गॅरेजवर नाहीतर जंगल खात्यावर चालतं. मूल घरी जाऊन बापाला गुन्हेगार ठरवत असेल, तर माझ्या शिकवण्यात खोट आहे. मी डंपर दाखवला, डंपर कोणाच्या हुकमाने कुठे रिकामा होतो ते दाखवलं नाही.

आज ते भेटले तर मी म्हणेन, भाईजान, तुमच्या मुलाचा प्रश्न तुमच्यासाठी नव्हताच, माझ्या चुकीमुळे तो तुमच्याकडे आला. माती कुठे टाकायची हे तुम्ही ठरवत नाही. तुमच्या फुप्फुसात जी धूळ जाते तिचा हिशेबही कोणी ठेवत नाही. आणि कोळसा संपणार आहे. याच वीज केंद्राचे २१० मेगावॅटचे दोन जुने संच बंद झालेत. उरलेलेही कधीतरी होतील. खाण बंद झाली की कंपनीचा माणूस दुसऱ्या जिल्ह्यात बदलून जातो, कंत्राटावरच्या ड्रायव्हरला मात्र कोणी बदली देत नाही. तुमचा मुलगा तेव्हा तीस वर्षांचा असेल. त्याने आज हा विषय शिकायचा तो तुमच्या विरोधात उभं राहण्यासाठी नाही, तुमच्या बाजूने हिशेब मागण्यासाठी.

तो हिशेब मागायची जागाही आहे. २०१५ च्या खनिज कायद्यातल्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाण जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. खाणीच्या उत्पन्नातला एक वाटा त्यात जमा होतो, आणि पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, प्रदूषण नियंत्रण ही कामं त्यात अग्रक्रमाची धरली आहेत. रहमतनगरातल्या एकाही घरात मला हे नाव माहीत असलेला माणूस भेटला नाही. हे अज्ञान त्यांचं नाही. ते माझ्या विषयाचं अपयश आहे.

'हा आपला विषय नाही'

आता थेट तुमच्याशी, म्हणजे या पानांच्या तरुण वाचकांशी बोलते. मोहल्ल्यातल्या बैठकीत मी हा विषय काढला की एक हुशार मुलगा हमखास म्हणतो, "मॅडम, आपल्यासमोर याहून मोठे प्रश्न आहेत. नोकरी नाही, घर भाड्याने मिळत नाही, रोज टीव्हीवर आपल्या नावाने शिमगा चालू असतो. झाडं-पक्षी हे खाऊनपिऊन सुखी माणसांचं काम."

मला त्याचा राग येत नाही. त्याला पर्यावरण म्हणून जे शिकवलं गेलं, ते खरोखरच सुखी माणसांचं काम होतं. ते मीच शिकवलं होतं. पण तो ज्या प्रश्नांना मोठे म्हणतो, ते याच प्रश्नाच्या पोटात आहेत. पुराच्या पट्ट्यात घर का घ्यावं लागतं? कारण उंचावरची जागा परवडत नाही, आणि परवडली तरी कोणी देत नाही. भंगार, गॅरेज, वेल्डिंग, ट्रक, कोळशाचा डेपो, म्हणजे अंगावर धूर आणि धूळ घेणारी कामं आपल्या वाट्याला इतकी का आली? भेदभाव कागदावर दिसतो त्याच्या आधी तो हवेत आणि पाण्यात दिसतो. इरईचं पाणी रहमतनगरात शिरतं तसंच ते पठाणपुऱ्याच्या बाहेरही येतं. ते धर्म विचारत नाही, पण कोण किती खाली राहतं हे त्याला बरोबर ठाऊक असतं. म्हणून हा प्रश्न एकट्या मुसलमानांचा करायची चूकही आपण करू नये. पुराच्या रेषेखाली जो कोणी आहे, तो आपला सोबती.

आपल्या घरातल्या शिकवणीकडेही जरा बघू. वाहत्या नदीवर वुजू करतानासुद्धा पाणी वाया घालवू नका, ही ताकीद आपण लहानपणापासून ऐकतो. सृष्टीत एक तराजू आहे, त्याचा तोल बिघडवू नका, हेही ऐकतो. मग आपण काय करतो? वजूखान्यात 'पाणी जपून वापरा' अशी पाटी लावतो. पाटी असू द्या. पण तराजूचा अर्थ एवढाच आहे का? तराजूत दोन्ही पारडी मोजायची असतात. नळाखालचा लोटाभर हिशेब चोख ठेवणारी जमात नदीच्या हिशेबाबद्दल गप्प बसते, तेव्हा ती ताकीद अर्धीच ऐकली असं मी म्हणेन.

आणि ५ जूनचं आपलं बॅनर. मोठे फोटो, खाली संघटनेचं नाव, हातात एक रोप. मीही त्या फोटोत आहे. त्या रोपाला मे महिन्यात पाणी कोणी घातलं, ते मला आठवत नाही.

ज्यांच्याकडून शिकायचं ते शाळेत नाहीत

आपल्याच दोन जिल्ह्यांत पर्यावरण शिक्षणाचे देशातले उत्तम वर्ग भरतात, फक्त ते शाळेत भरत नाहीत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला. त्यामागे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासोबत गावाने वर्षानुवर्षं चालवलेला अभ्यासगट होता. लोक बसायचे, कायदा वाचायचे, वाद घालायचे आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत निर्णय थांबवायचे. हक्काचा कागद मिळाला तरी स्वतःचा बांबू विकायचा परवाना मिळेना. २०११ च्या एप्रिलमध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. एवढी लढाई गावाने अभ्यासाच्या जोरावर लढली.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये हजारेक हेक्टरचा असाच हक्क मिळाला. गाव बांबू विकून रोजगार चालवतं. तेंदूपत्ता तोडणं त्यांनी स्वतःहून थांबवलं, कारण चांगली पानं यावीत म्हणून झुडपं छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि जंगलाचं नुकसान होतं. हातात येणारे पैसे सोडायचे हे गावाने बसून ठरवलं. माझ्या पुस्तकात 'शाश्वत विकास' या शब्दाची व्याख्या चार ओळींची आहे. पाचगावने ती करून दाखवली.

शहराकडेही उदाहरणं आहेत. २००९ मध्ये ताडोबाजवळच्या लोहारा जंगलातली प्रस्तावित कोळसा खाण लोकांच्या विरोधानंतर थांबली. तेव्हा इको-प्रोचे बंडू धोतरे उपोषणाला बसले होते. २०२१ मध्ये ते रामाळा तलावासाठीही बसले. ही नावं आणि ही तारखांची साखळी चंद्रपूरच्या दहावीच्या मुलाला का माहीत नसावी?

मग करायचं काय

माझं म्हणणं उपदेशावर संपवणार नाही. चार कामं सांगते. त्यांना परवानगी लागत नाही, गाडीभाडं लागत नाही.

पहिलं, प्रकल्प आपल्या गल्लीचा करा. अकरावी-बारावीत असाल तर झेरॉक्सच्या दुकानात जाऊ नका. पुराची रेषा भिंतीवर शोधा, मोजपट्टीने मोजा, तारीख लिहा, शेजारच्या चाचींना विचारा की आधीच्या पुरात पाणी कुठवर आलं होतं. दहा घरांची नोंद झाली की तो पुरावा होतो.

दुसरं, जनसुनावणीला जा. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे ज्या प्रकल्पांना ती लागू आहे, तिथे किमान तीस दिवस आधी सूचना देऊन जाहीर सुनावणी घ्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. माझ्या मते बारावीच्या प्रत्येक मुलाला अशा एका सुनावणीत दोन मिनिटं उभं राहून बोलता आलं पाहिजे. ओझोनची व्याख्या नंतर पाठ केली तरी चालेल.

तिसरं, माहितीचा अर्ज लिहायला शिका. खनिज प्रतिष्ठानचा पैसा तुमच्या वॉर्डात किती आला आणि कशावर खर्च झाला, एवढा एकच प्रश्न. दहा रुपयांचं शुल्क आहे. मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी चालते, तिथेच आठवड्यातला एक तास याला द्या. अर्ज कसा लिहायचा हे जो शिकला, तो स्पर्धा परीक्षेतही मागे पडत नाही.

चौथं, शिक्षकांना एकटं सोडू नका. प्राचार्य जेव्हा "राजकारण नको" म्हणतात, तेव्हा शिक्षकाच्या बाजूने दोन पालक उभे राहिले तर तास टिकतो. आणि माझ्या शिक्षक भावाबहिणींना एवढंच सांगते की पुढच्या फेब्रुवारीत गठ्ठ्यावर सही करण्याआधी एक तरी प्रकल्प शेवटपर्यंत वाचा.

मी तो वाचला होता, हीच माझी अडचण आहे. वाचला आणि तरी गुण कापले. ती मुलगी आता पदवीला आहे. मध्यंतरी बसस्टँडवर भेटली, तेव्हा मी तिला तो नकाशा मागितला. म्हणाली, "मॅडम, कॉलेजने परत दिलाच नाही. रद्दीत गेला असेल." मग जरा थांबून म्हणाली, "पण मला पाठ आहे. पुन्हा काढून देऊ?"

काढून दिला. या वर्षी पर्यावरणाच्या पहिल्या तासाला तोच फळ्यावर लावणार आहे.